दात एक तारखेपर्यंत

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, पंचवीस-तीस माणसांच्या देखत पिपाणीचा पुढचा दात पडला.

हे वाक्य वाचलं असेल तर कृपया विसरावं. दात पडलेला नाही. घरात तसं ठरलंय, मेव्हण्याने सगळ्यांकडून वदवून घेतलंय, आणि एकदा घरात ठरलं की त्यावर दाताचं मत विचारायची पद्धत नाही. तेव्हा दात जागेवर आहे, जरासा हलतोय, आणि गोष्ट तीन आठवडे आधी, दंतवैद्याच्या खुर्चीत सुरू होते.

पिपाणी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नगरपालिकेच्या बँडमध्ये तो जन्मभर ट्रम्पेट वाजवत आला. पुलांची उद्घाटनं, पुतळ्यांची अनावरणं, पाहुण्यांची स्वागतं. एकदा तर नव्या सार्वजनिक मुतारीसमोर पूर्ण गणवेशात, पितळी बटणं लावून. नोकरीच्या पहिल्या दिवशी मात्र तो इतका घाबरला होता की ट्रम्पेटमधून जत्रेतल्या पोराच्या पिपाणीसारखा आवाज निघाला. पुढे चाळीस वर्षं त्याने सोन्यासारखे सूर काढले, पण बँडवाल्यांनी एकदा नाव ठेवलं की ते नाव पेन्शनबरोबर घरी येतं.

दंतवैद्याने तोंडात आरसा घातला, दाताला हलकेच टिचकी मारली आणि सुस्कारा सोडला.

"हा दात आता पाहुणा आहे."

"पाहुण्याला किती दिवस ठेवून घेता येईल?"

"काम सांगितलं नाहीत तर महिनाभर. चावायचं नाही, कुरतडायचं नाही, आणि ते काय फुंकता ना, ते तर अजिबात नाही."

"आणि गेल्यावर?"

"हाडात स्क्रू बसवून नवा लावू. अगदी खऱ्यासारखा." मग त्याने खर्च सांगितला. पिपाणीचं तोंड आधीच उघडं होतं, त्यामुळे आश्चर्य दाखवायला वेगळं काही करावं लागलं नाही. पेन्शन सहा महिने हातही न लावता साठवली असती, आणि ते सहा महिने दोघं हवेवर जगली असती, तर तो दात परवडला असता.

लोकांना वाटतं ट्रम्पेट ओठांनी वाजतं. ओठ नुसते पुढेपुढे करतात. भार दात उचलतात. पुढचा वरचा दात गेला की ओठामागची भिंतच गेली. मग फुंका नाहीतर चहा गार करा, आवाज तोच.

"विमा आहे ना आपला?" बायको म्हणाली. "चला."

पिपाणीची बायको कोर्टात टंकलेखिका होती. तीही निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण बोटं अजून निवृत्त झाली नव्हती. राग आला की ती मांडीवर टाइप करायची. निवृत्तांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्यालयात, जमिनीला बोल्ट मारलेल्या बाकावर बसून, तिने नंबर येईपर्यंत निदान दोन अर्ज मांडीवर टाइप केले.

खिडकीच्या काचेला बोलण्यासाठी एक भोक होतं. ते अशा उंचीवर ठेवलेलं की माणूस वाकल्याशिवाय बोलू नये. सगळे वाकत होते. बायको वाकली नाही. ती काचेच्या वरून बोलली, मोठ्याने, आणि अख्खी रांग ऐकायला लागली.

"आमचा विमा आहे ना?"

"आहे की. दर महिन्याला पेन्शनमधून कापला जातो," आतली कारकून म्हणाली.

"कापला जातो ते दिसतं. मिळतं काय ते दिसत नाही, म्हणून आलो."

कारकुनाने डोळे मिटून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. वर्षाचा पहिला खर्च तुमचा. तो ठरलेल्या रकमेच्या पुढे गेला की सरकार जागं होतं. मग हॉस्पिटलच्या बिलाचे चार हिस्से सरकारचे, पाचवा तुमचा.

"पाचवा हिस्सा वाढत वाढत किती वाढतो?"

"त्या लिफ्टला वरचा मजला नाही, बाई."

"बरं. दात?"

"दात विम्यात नाही. विमा शरीराचा आहे."

"दात कुठे असतो?"

"तोंडात."

"मग तोंड?"

"तोंड आहे आमच्याकडे. ओठ, जीभ, टाळू, घसा, सगळं आहे. दात नाही. डोळा आहे, चष्मा नाही. कान आहे, ऐकू येणं नाही." ती जरा थांबली, तिला माणुसकी आठवली असावी. "दुसऱ्या एखाद्या मोठ्या ऑपरेशनसाठी दात काढायची वेळ आली, तर मात्र काढायचा खर्च बघता येतो."

"म्हणजे काढायला सरकार आणि बसवायला आम्ही?"

"अगदी बरोबर!" कारकुनाला मनापासून आनंद झाला. "लोकांना तीन-तीनदा सांगावं लागतं. पूरक विमा घ्या बाई. पाचव्या हिश्श्याचा वेगळा मिळतो, दात-डोळे-कानांचा वेगळा."

जिना उतरताना बायको म्हणाली, "सरकारी विमा म्हणजे आखूड चादर. डोकं झाकलं तर पाय उघडे. आणि पूरक विमा म्हणजे ठिगळ. चादरीपेक्षा ठिगळ महाग, हे मी पहिल्यांदा बघतेय."

"पण घ्यायचं ना?"

"घ्यायचं. थंडी आपल्यालाच वाजते, चादरीला नाही."

ठिगळं विकणारा घरचाच होता. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे पिपाणीचा मेव्हणा, विम्याचा एजंट. तो नातेवाइकांकडे आला की लोक आधी तब्येत लपवायचे. त्या संध्याकाळी तो आला, चहा घेतला, आणि भाऊजींच्या तोंडाकडे असं पाहिलं जसं लोक पडायला आलेल्या घराकडे बघतात.

"भाऊजी, मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. निवृत्तीनंतर पहिले सहा महिने दार सताड उघडं असतं. तब्येत कशी, दात किती, कोणी काही विचारत नाही. तुम्ही काय म्हणालात?"

पिपाणी म्हणाला होता, 'मला काय धाड भरलीय?' त्याने ते पुन्हा म्हटलं नाही. चहात बिस्कीट जरा जास्तच वेळ बुडवून ठेवलं.

"आता ते दार बंद. आता खिडकीतून शिरायचं, आणि खिडकीत कंपनीची तपासनीस उभी. ऐका नीट. पॉलिसी एक तारखेला सुरू होणार. त्या दिवशी ती येऊन दात मोजणार. जो दात तोंडात असेल तो पुढे कधीही पडू दे, कंपनी नवा बसवून देईल. जो एक तारखेच्या आधीच गेला असेल, तो कंपनीच्या मते कधी उगवलाच नव्हता."

"आणि हलत असेल तर?"

"हलणारा दात हा दातच. मी वर विचारून घेतलंय. हलणारा माणूस जिवंतच धरतात ना?"

"दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत," बायको म्हणाली. "बघू या, एक तारखेला दोन्ही एका ताटात येतात का."

पहिला हप्ता भरला. आणि घरात दाताचं राज्य सुरू झालं.

भाकरी-पोळी बंद. जे शिजेल ते घोटायचं, जे घोटलं जाणार नाही ते शिजवायचंच नाही. शिंक आली तर पिपाणीने दोन बोटांनी दात दाबून धरायचा. विनोद बंद, कारण हसताना ओठ दाताला लागतो. बायको त्याला फक्त वाईट बातम्या सांगायची. मेव्हण्याचा रोज सकाळी फोन यायचा.

"ताई, आहे का?"

"आहे रे. रात्र काढली. पण आता काही खरं नाही. आज आहे, उद्या नाही."

भिंती पातळ होत्या. चौथ्या दिवशी शेजारीण डोळ्याला पदर लावून भेटायला आली, तर दार पिपाणीनेच उघडलं. तिला घेरी आली. तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं तेव्हा पिपाणीला हसू फुटणार होतं. पण बायकोने वेळेवर एका बुडालेल्या बँकेची बातमी सांगितली आणि दात वाचला.

सगळं असं सुरळीत चाललं असताना ढोल्या आला.

ढोल्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा आणि स्वतःही साधारण त्याच घेराचा होता. पिपाणीचा तो तीस वर्षांचा दोस्त. उजवा गुडघा गेलेला, त्यामुळे दोन जिने चढायला त्याला एवढा वेळ लागला की चहा दोनदा गरम करावा लागला.

"पिपाण्या," बसत बसत तो म्हणाला, "महिन्याच्या शेवटच्या दिवशी माझं आहे."

पिपाणीने बोट दाताला लावलं. तो हे विसरला होता. खरं तर विसरला नव्हता; तारखेकडे पाठ करून बसला होता.

इथे बँडची एक रीत सांगायला हवी. निवृत्तीचा कागद नगरपालिका देते, पण निवृत्ती देतो बँड. शेवटच्या दिवशी तालमीच्या हॉलमध्ये सगळे जमतात. जो सगळ्यात शेवटी निवृत्त झाला असेल त्याने आपलं वाद्य घेऊन यायचं आणि एकच सूर धरायचा. जाणाऱ्याने खुर्चीवरून उठायचं, आपली टोपी खुंटीला लावायची, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि उंबरठा ओलांडायचा. तोवर सूर तुटता कामा नये. तुटला, तर माणूस निवृत्त झाला नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून कोणाला खोडताही येत नाही.

सूर एकदाच तुटला होता. क्लॅरिनेटवाले आजोबा दारापासून दोन पावलांवर असताना सूर देणाऱ्याला खोकला आला. आजोबा थांबले, वळले, टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि खुर्चीत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कामावर हजर. पगार बंद झाला, पेन्शन सुरू झाली, सूर देणारा त्याच खोकल्याने देवाघरी गेला, दोन बँडमास्तर बदलले. आजोबा रोज दहाला येतात. नवीन मुलांना वाटतं ते हॉलबरोबरच मिळालेले आहेत.

"तू मागच्या खेपेला निवृत्त झालास, म्हणजे सूर तुझा," ढोल्या म्हणाला. "मला क्लॅरिनेटआजोबा करू नकोस. गुडघ्याचं ऑपरेशन ठरवलंय मी. निवृत्त झालो की सरकारी विम्यात बसतो. गुडघा शरीरात धरतात ना?"

"धरतात. माझा हा हलणारा दात मात्र धरत नाहीत."

"मग तुझा दात गुडघ्यात असता तर किती बरं झालं असतं."

"तुझा मेंदू आहेच तिथे. मेंदूला सोबत झाली असती."

"चेष्टा नको. सूर तुटला तर मी ऑपरेशनला जाणार नाही. नोकरीतला माणूस निवृत्तांच्या विम्यात घुसला, तर ती फसवणूक."

"अरे, तुझ्या हातात नगरपालिकेचा कागद असेल!"

"कागद आजोबांकडेही आहे," ढोल्या म्हणाला.

पिपाणीने त्याला दाताचं सगळं सांगितलं. ढोल्याने ऐकून घेतलं. मग त्याने बोटांवर तारखा मोजल्या.

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे," शेवटी ढोल्या म्हणाला. "एकतर माझी तारीख एक दिवस पुढे, नाहीतर तुझी एक दिवस मागे."

बायकोने पिशवी उचलली. आधी ती नगरपालिकेत गेली. आस्थापना विभागातला साहेब म्हणाला, निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून निघते. निवृत्ती हलवायची तर जन्म हलवून आणा. मग ती विमा कंपनीत गेली. तिथल्या गुळगुळीत तरुणाने हसून सांगितलं की एक तारीख म्हणजे एकच तारीख, कॉम्प्युटर दुसरी घेतच नाही. दोघांनीही तिला पाणी दिलं, दोघांनीही बसायला खुर्ची दिली, आणि दिवस कोणीच दिला नाही. दातांच्या कण्या केल्या, पण घरातला एक दात काही वाचेना.

मेव्हण्याकडे तिसरा मार्ग होता. "भाऊजी, ट्रम्पेट नुसतं ओठांना लावा. सूर पडद्यामागून दुसरा कोणीतरी देईल. तुम्ही फक्त गाल फुगवा. कोणाला कळतंय?"

पिपाणी उठून उभा राहिला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच दाताला न धरता बोलला.

"पिपाणी म्हणतात मला. चाळीस वर्षं ऐकून घेतलं. पण मुका म्हणवून घेणार नाही."

"अहो भाऊजी, तुमच्याच भल्यासाठी..."

"माझं भलं तू एक तारखेपासून करणार आहेस ना? मग आदल्या दिवशी माझ्या तोंडात बोट घालू नकोस."

मेव्हण्याने ताईकडे पाहिलं. ताई मांडीवर टाइप करत होती.

शेवटच्या दिवशी दुपारी तालमीचा हॉल भरला. उंच छत, भिंतीला खुंट्यांची लांब रांग, जमिनीवर स्टॅंडांच्या पायांनी पडलेले चरे. ढोल्या गणवेशात, पोटावरची दोन बटणं सन्मानपूर्वक उघडी. कोपऱ्यातल्या खुर्चीत क्लॅरिनेटआजोबा, नेहमीसारखे. मेव्हणा दुसऱ्या रांगेत स्वतःच्या दाताला धरून उभा होता. जणू तिथून आधार पोहोचेल.

"वाजवू नका म्हणणार नाही," दारातच बायको म्हणाली होती. "वाजवा असंही म्हणणार नाही. नंतर बोलायला मी मोकळी हवी."

पिपाणीने ट्रम्पेट उचललं, फुंकायचं टोक ओठांना लावलं. दाताने कुरकुर केली. त्याने सूर धरला.

सूर स्वच्छ निघाला. ढोल्या उठला, आणि उठण्यातच सुराचा चांगला तुकडा खाऊन गेला. खुंटीपर्यंत पोहोचला. टोपी लावली. ती पडली. वाकता येईना. बँडमास्तरने धावत जाऊन टोपी उचलली, ढोल्याने ती हिसकावून घेतली, कारण टोपी स्वतःच लावायची असते, आणि पुन्हा लावली. मग तो निघाला. डावा पाय, थांबा. उजवा पाय, थांबा, चेहरा वेडावाकडा, पुन्हा डावा. ढोल वाजवताना त्याने आयुष्यात कधी ताल सोडला नव्हता, पण चालताना तो ताल इतका संथ होता की ओरडावंसं वाटत होतं. आणि ओरडायला पिपाणीचं तोंड मोकळं नव्हतं.

हॉलच्या मधोमध दात सुटला.

पिपाणीला तो जिभेवर जाणवला. लहान, कोमट, अनोळखी. ओठामागची भिंत गेली. वारा फटीतून फुसकन निसटायला लागला. त्याने ओठ आवळले, ट्रम्पेट कोपऱ्यातल्या दातांवर सरकवलं, नाकाने श्वास ओढला. सूर चिरकला, बारीक झाला, उंच गेला, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशीचा तोच आवाज निघाला: जत्रेतली पिपाणी. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण तुटला नाही. सूर भिकारी झाला, बेसूर झाला, हास्यास्पद झाला, पण तुटला नाही.

ढोल्याने उंबरठा ओलांडला.

पिपाणी सूर सोडणार, तेवढ्यात कोपऱ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. क्लॅरिनेटआजोबा उठले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, निरखून पाहिली, खुंटीला लावली आणि दाराकडे चालायला लागले. सूर त्यांचा नव्हता. पण सूर चालू होता, आणि त्यांनी इतकी वर्षं त्याचीच वाट पाहिली होती.

पिपाणीचे डोळे बाहेर यायला आले. ओठांतून रक्ताची चव येत होती. मेव्हणा हात जोडून "पुरे, पुरे" करत होता. पिपाणीने त्याच्याकडे पाहिलं, आणि दात नसतानाही दातओठ खावेत तसं त्या ट्रम्पेटला चावून धरलं. आजोबा मागच्या वेळी जिथे थांबले होते तिथे, दारापासून दोन पावलांवर, क्षणभर थांबले. कान टवकारले. सूर होता. घाणेरडा, पण होता. ते बाहेर गेले.

मग पिपाणीने ट्रम्पेट खाली घेतलं आणि दात तळहातावर ठेवला.

टाळ्या वाजायच्या आत मेव्हणा ओरडला, "पडलेला नाही! कोणी काही पाहिलेलं नाही!"

"मी पाहिलं!" बाहेरून ढोल्या ओरडला. "काय वाजवलंय भडव्याने!"

घरी येऊन मेव्हण्याने सगळ्यांना ओळीने बसवलं. पॉलिसी मध्यरात्री सुरू होते. दात आज पडलेला नाही. दात उद्या सकाळी पडणार आहे, तोंड धुताना, बेसिनपाशी. ताईने आवाज ऐकला. ढोल्या चहाला आला होता, त्याने पाहिलं. "कळलं?" कळलं. प्रत्येकाने म्हणून दाखवलं. ढोल्याने तर बेसिनमध्ये दात पडल्याचा आवाजही काढून दाखवला. तो जरा ढोलासारखा आला, पण चालण्यासारखा होता.

एक तारखेला सकाळी तपासनीस आली. तरुण, नीटनेटकी, छोटा आरसा, छोटी बॅटरी. पिपाणीने तोंड उघडलं. ती मनातल्या मनात मोजत गेली, पुढे येऊन थांबली.

"हा नाहीये."

"सकाळी पडला!" मेव्हणा म्हणाला.

"बेसिनपाशी," बायको म्हणाली.

"टण्णकन," ढोल्या म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय," तपासनीस म्हणाली. ती निर्दयी नव्हती. पेन कागदापासून बरंच वर धरून तिने प्रश्न विचारला. "काका, आज सकाळी पडला ना?"

नुसती मान हलवायची होती. मान हलवायला दात लागत नाही. पिपाणीने बायकोकडे पाहिलं, ढोल्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, काडेपेटीत कापसावर ठेवलेल्या दाताकडे पाहिलं.

"काल," तो म्हणाला. फटीतून शब्दाबरोबर थोडी शिट्टी आली. "काल दुपारी. सूर चालू असताना."

मेव्हण्याने डोकं धरलं. "भाऊजी! काय केलंत!"

"अरे, आज सकाळी पडला म्हटलं तर काल मी दात असताना वाजवलं असं होईल. दात असताना कोणीही वाजवतो!"

"कंपनी दात देते भाऊजी, दाद नाही!"

"मग कंपनीला सांग, दात दिला नाही तरी चालेल, पण कालचा सूर दातवाल्याच्या नावावर चढवायचा नाही."

तपासनीसने पेन कागदाला टेकवलं. "मग हा दात कधी नव्हताच, असं लिहावं लागेल मला."

"लिहा," पिपाणी म्हणाला. "नसलेल्या दाताचं चाळीस वर्षं ओझं उचललं मी. बाकीचे नीट मोजा, त्यांचा हप्ता भरलाय."

तिने बाकीचे नीट मोजले. जाताना दारात थांबली. "सूर किती वेळ धरला होतात, काका?"

"दोन माणसं निवृत्त होईपर्यंत."

ती गेली. मेव्हणा रागावून तरातरा निघून गेला आणि बॅग विसरला म्हणून परत येऊन पुन्हा रागावून गेला. ढोल्या म्हणाला, आता पुढचा सूर काही पिपाणीला द्यायचा नाही. शेवटचे बाहेर पडले ते आजोबा, म्हणजे पाळी आजोबांची. त्यांच्या तोंडात एकही दात नाही, पण ते पुढचं पुढे.

"म्हणजे आता तुम्हाला वाजवायचं नाही," बायको म्हणाली. नंतर बोलायला ती मोकळी होती, आणि आता नंतर झालं होतं. "मग दात कशाला हवा?"

पिपाणीने विचार केला. "हवाय," तो म्हणाला. "माझा होता."

बायकोने त्याच्या तोंडातल्या फटीकडे पाहिलं. मग उठली, कपाटावरून जुना टाइपरायटर काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि बोटं मोडली.

"नवऱ्याने खोटं बोलावं असं मला वाटत होतं, ते चुकलंच," ती म्हणाली. "खोटं बोलायचंच असेल तर कॅलेंडरने बोलावं. त्याला कोणी तपासत नाही."

तिने एका दमात टाइप केलं, तीन प्रतींत. एक सरकारी विमा कार्यालयाला, एक कंपनीला, एक नगरपालिकेला. कारण दिवस कोणाच्या ताब्यात असतात हे विचारूनही कळलं नव्हतं.

"विषय: गेल्या महिन्याचा शेवटचा दिवस चालू महिन्याच्या एक तारखेनंतर घेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराचा दात उक्त दिवशी सार्वजनिक कार्य करीत असता कामी आला असून, त्यायोगे दोन कर्मचारी विनाखंड निवृत्त झाले आहेत. चूक अर्जदाराच्या दाताची नसून तारखांच्या क्रमाची आहे. सबब, गेल्या महिन्याचा शेवटचा दिवस तेथून काढून चालू महिन्यात दोन तारखेच्या जागी बसवण्यात यावा व त्याप्रमाणे सर्व कॅलेंडरांत दुरुस्ती करून घ्यावी. काढण्याचा खर्च सरकारने व बसवण्याचाही खर्च सरकारनेच करावा. सोबत दात जोडला आहे. तो तपासून झाल्यावर अर्जदाराच्या तोंडात, मूळ जागी, पूर्ववत परत करण्यात यावा, ही विनंती."